पीक कोण ठरवतं?

शिरपूर तालुक्यातल्या बारावीच्या एका मुलीने विचारलं आहे: "भूगोलाच्या प्रकल्पात आपल्या गावाच्या शेतीचा प्रकार लिहायचा आहे. वडील पाच एकरांत कापूस आणि मका घेतात, घरापुरती दादर (रब्बीची ज्वारी) आणि उडीद. ही निर्वाह शेती की व्यापारी? पुस्तकात तीन कृषी क्रांत्या दिल्या आहेत, त्या आमच्याकडे आल्या होत्या का? आणि गावाच्या भूवापराचा नकाशा काढायचा कसा?"

कृषी खात्यात मी तीस वर्षं काढली. आधी साक्री, मग शहादा, शेवटी यावल. तीन ठिकाणी तीन वेगळ्या जगातली शेती पाहिली आणि तिन्ही ठिकाणी पुस्तकातला एकच शब्द पुरा पडेना. म्हणून तुला सविस्तर लिहितो आहे.

आधी सरळ उत्तर. तुझ्या वडिलांची शेती दोन्ही प्रकारची आहे, आणि तीही एकाच बांधाच्या आत. कापूस आणि मका व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो, ती व्यापारी शेती. दादर आणि उडीद तुमच्या कळण्याच्या भाकरीत जातो, कडबा बैलांच्या दावणीला, ती निर्वाहाची. प्रकल्पात दोन्ही लिही आणि कुठल्याला किती एकर हेही लिही. गुण कमी मिळणार नाहीत, आणि मिळाले तरी खरं तेच लिहिलेलं असेल.

आता माझी एक खूण सांगतो. शेतात गेल्यावर पीक कोणतं हे कोणालाही दिसतं. मी विचारायचो, हे पीक लावायचं कोणी ठरवलं? जमिनीने ठरवलं, गावाने ठरवलं, बाजाराने ठरवलं की बोअरने? खानदेशात या प्रश्नाची चारही उत्तरं मिळतात. मला विचारशील तर आपल्याकडच्या कृषी क्रांत्यांचा इतिहास हाच आहे: ठरवणारा बदलत गेला.

जमीन ठरवते त्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे तुमच्याच घरची दादर. तापीकाठची भारी काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगांनी फाटते. पावसाळ्यात त्याच भेगांतून पाणी खोल उतरतं, मग माती फुगते आणि भेगा मिटतात. पावसाळाभर जुनी माणसं असं रान मोकळं ठेवून वखरत राहायची. बाहेरच्याला वाटायचं जमीन पडीक आहे. पडीक कसली, ती पाणी पीत असायची. पाऊस ओसरला की वीतभर खालची माती उकरायची आणि मुठीत दाबायची. लाडू झाला आणि बोटाने टोचल्यावर फुटला नाही, तर ओल आहे, पाभर (पेरणीचं अवजार) धरायची. मग एकही पाणी न देता, नुसत्या त्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर दादर फाल्गुनापर्यंत उभी राहते. इथे शेतकऱ्याला पीक निवडायचा प्रश्नच नव्हता. जमिनीने आधीच निवडलेलं असायचं.

पुस्तकातली पहिली कृषी क्रांती म्हणजे माणूस शिकार सोडून पेरायला लागला ती. पश्चिम आशियात तिची सुरुवात दहा हजार वर्षांहून जुनी धरतात. आपल्याकडे तापीकाठी प्रकाशा आणि सावळदा, गिरणेकाठी बहाळ इथल्या उत्खननांत ताम्रपाषाण काळातल्या शेतकरी वस्त्या सापडल्या. त्यातल्या सर्वांत जुन्या थरांना साधारण चार हजार वर्षं झाली. सावळद्याच्या नावाने तर एका संस्कृतीलाच सावळदा संस्कृती म्हणतात. तुझ्या गावापासून हे काही लांब नाही. एकदा प्रकाशाला गेलीस तर तापी आणि गोमाईच्या संगमावर उभी राहून बघ, लोक तिथे का वसले ते न वाचता कळतं.

आणखी एक गंमत प्रकल्पात घालण्यासारखी आहे. उडीद मूळचा भारतातला. ज्वारी आफ्रिकेतून आली, तीही हजारो वर्षांपूर्वी. मका अमेरिका खंडातला, तो कोलंबसानंतर जगभर पसरला. नंदुरबारची मिरची आणि आपला भुईमूग हेही तिथलेच. कापूस आपल्याकडे फार जुना आहे, पण आज बीटी म्हणून जो लावतात त्याची जात अमेरिकन. म्हणजे तुझ्या वडिलांच्या पाच एकरांत तीन खंड नांदतात.

आता गाव ठरवतं ते. याबद्दल मला जास्त लिहायचं आहे, कारण पुस्तकात याला जागा नाही आणि हे आपलं आहे.

साक्री तालुक्यात पांझरेवर फड पद्धत आहे. तीनशे वर्षांहून जुनी. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालचं सगळं भिजणारं रान म्हणजे त्या बंधाऱ्याचं थळ. या थळाचे मोठे तुकडे पाडतात, बहुतेक ठिकाणी चार, त्यांना फड म्हणतात. एका फडात एका हंगामाला एकच पीक. यंदा या फडात ऊस असेल, तर त्याच्या शेजारी गहू-हरभरा, तिसऱ्यात बाजरी-भुईमूग, चौथा विसाव्याला. पुढच्या वर्षी पिकं फडांमधून सरकतात. कुठल्या फडात काय घ्यायचं ते बैठकीत ठरतं, एकट्यादुकट्याच्या मर्जीवर नाही. आणि बहुतेकांचं थोडं थोडं रान प्रत्येक फडात असतं, त्यामुळे ऊस कुठल्याही फडात गेला तरी प्रत्येकाच्या वाट्याला थोडा येतोच.

नोकरीच्या पहिल्या हिवाळ्यात मी एका गावाच्या गव्हाच्या फडावर पहाटे गेलो होतो. मालक घोंगडी घेऊन बांधावर उभा होता. पाण्यात उतरला होता तो पाटकरी, बंधाऱ्याच्या पंचांनी नेमलेला माणूस. एका वाफ्याचं तोंड फावड्याच्या दोन घावांत त्याने बुजवलं, पलीकडचं उघडलं, आणि पाणी वळेपर्यंत फावड्यावर रेलून उभा राहिला. शेत मोठ्याचं आहे की गरिबाचं, तो बघत नव्हता. शेजारच्या रानातलं पीकही तेच, त्याची तहानही तेवढीच, त्यामुळे भांडायला कारणच उरत नव्हतं. पाणी कमी असलेल्या वर्षी कोणाचं एक शेत सुकू द्यायचं नाही, अख्खा एक फडच कोरडा ठेवायचा. तूट सगळ्यांनी वाटून घ्यायची. पाटकरी, हवालदार, जागल्या यांना मोबदला धान्यात मिळायचा.

पुस्तकात दुसरी कृषी क्रांती म्हणून इंग्लंडची गोष्ट येते. अठराव्या शतकात तिथे चार वर्षांची फेरपालट रुजली: गहू, सलगम, बार्ली, क्लोव्हर. पडीक ठेवायची जमीन चाऱ्याखाली आली, जनावरं वाढली, खत वाढलं. फेरपालटीचं शहाणपण फडातही आहेच. फरक पुढे आहे. इंग्लंडमध्ये सामाईक रानांना कुंपणं पडली, प्रत्येक जमीनदार आपल्या कुंपणात मोकळा झाला आणि ज्यांची गुजराण त्या सामाईक रानावर होती ते गावाबाहेर पडले. फडात फेरपालट गावाने मिळून केली. प्रकल्पात ही तुलना जरूर लिही.

फड आज थोड्याच ठिकाणी धड चालतात. वरच्या अंगाला धरणं झाली, प्रत्येकाने विहीर खोदली, मोटार बसवली. स्वतःचं पाणी आलं की माणूस बैठकीला येत नाही. मला याचं वाईट वाटतं आणि ते लपवत नाही.

बाजार ठरवायला लागला तो कापसामुळे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. त्या दशकात खानदेशचे कलेक्टर अॅशबर्नर यांनी वऱ्हाडाकडचं हिंगणघाटी बी आणून इथे पसरवलं. त्याच सुमाराला रेल्वे जळगाव-भुसावळपर्यंत पोचली. १९०० च्या सुमारास सुरतेकडून तापी खोऱ्याची रेल्वे अमळनेर, जळगावकडे आली. भाव पडला तरी कापूस हटला नाही, कारण शेतसारा रोख भरायचा होता, सावकाराला रोख द्यायचं होतं, आणि रोख पैसा देणारं पीक एकच होतं. मँचेस्टरला काय भाव आहे यावर शिंदखेड्यात काय पेरायचं हे ठरू लागलं. दुसरी क्रांती आपल्याकडे कशी आली असं विचारशील, तर ती कापसाच्या गाठी घेऊन जायला आली.

शेतकरी मात्र मुकाट नव्हता. १८५२ साली जमिनीची मोजणी सुरू झाली तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत मोठा उठाव झाला. सारा वाढणार ही भीती होती. त्याच फैजपूरला १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं आणि त्यात शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम मंजूर झाला. तू ज्या गट नंबरांवर रंग भरणार आहेस, त्या नंबरांमागे एवढा इतिहास आहे.

तिसरी म्हणजे हरितक्रांती. तिचं नाव निघालं की पंजाबचा गहू आणि तामिळनाडूचा भात सांगतात. खानदेशात ती आली संकरित ज्वारी, संकरित कापूस आणि विजेची मोटार घेऊन. सीएसएच-१ ही पहिली संकरित ज्वारी १९६४ ची. जगातलं पहिलं व्यापारी संकरित कापूस वाण, एच-४, १९७० साली शेजारच्या सुरतच्या संशोधन केंद्रात निघालं. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, खाल्ला, त्या पिढीला एकरी जास्त दाणा देणाऱ्या बियाण्याचं मोल सांगावं लागलं नाही. ती उपाशी दिवसांची माणसं होती. हरितक्रांतीला आज उठसूट दोष देणाऱ्यांनी हे विसरू नये.

पण चुका झाल्या, आणि त्यातली एक माझी आहे. शहाद्याला असताना तापीकाठच्या एका वयस्क शेतकऱ्याला मी दादरीच्या रानात खरिपात हायब्रीड ज्वारी लावायला लावलं. आकडे माझ्या बाजूने होते. भारी जमिनीत पाणी साचलं, तण मातलं, आणि कणसं भरली तेव्हा नेमका पाऊस लागून राहिला. दाणा काळा पडला. जे निघालं ते पोत्यांनी दादरीपेक्षा थोडं जास्तच होतं, पण बुटक्या ताटांचा कडबा दादरीच्या निम्माही नव्हता. खळ्यावर ते मला म्हणाले, "साहेब, दाना उना, पन ढोरे काय खातीन?" म्हणजे दाणा आला, पण गुरं काय खातील? मी दाण्याचं उत्पन्न मोजलं होतं, दावणीचं मोजलंच नव्हतं. तेव्हापासून कुठल्याही शेताचा हिशेब करताना मी कडबा वेगळा लिहितो. तूही लिही. वडिलांना विचार, दादर काढून तिथे कापूसच का नाही लावत? उत्तरात बैल किंवा म्हैस नक्की येईल.

पुढे २००२ मध्ये बीटी कापूस आला, अळीचा खर्च काही वर्षं खरंच कमी झाला, मग २०१७ ला गुलाबी बोंडअळीने रानं झोडपली. बी घरचं राहिलं नाही, दरवर्षी पाकीट विकत आणायचं. यावर खूप लिहिलं गेलं आहे, इथे थांबतो.

यावलला गेलो आणि चौथा ठरवणारा भेटला. रावेर, यावल, चोपडा हा केळीचा पट्टा. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांची एक पट्टी आहे, डोंगरावरून येणारं पाणी तिथे झिरपतं आणि खालच्या गाळाच्या जाड थरात साठतं. केळी उभी आहे ती या साठ्यावर. पूर्वी बसराई जात असायची, कंद लावायचे, पाटाने पाणी, घड हाती यायला सोळा-अठरा महिने. मग ठिबक आलं, ऊतिसंवर्धित (प्रयोगशाळेत वाढवलेली) ग्रँड नैन जातीची रोपं आली, आणि अकरा-बारा महिन्यांत कापणी होऊ लागली. इथे कोणी एकर सांगत नाही, "किती खोडं?" म्हणून विचारतात. भाव निघतो तो नवतीचा (नव्या लागवडीचा) वेगळा, पिलबागेचा (त्याच खोडाच्या पिलांवर घेतलेल्या पिकाचा) वेगळा, वापसीचा (नाकारलेल्या मालाचा) वेगळा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या भागातल्या शेतकऱ्याइतका कष्टाळू आणि हुशार बागायतदार मी पाहिला नाही. एप्रिल-मेच्या उष्ण वाऱ्यात पानं फाटू नयेत म्हणून बागेभोवती शेवरी किंवा हत्ती गवताची भिंत उभी करणं, थंडीत पहाटे बागेत धूर करणं, हे सगळं त्याने जीव ओतून केलेलं आहे.

पण पाणी वरून जेवढं मुरतं त्यापेक्षा जास्त उपसलं जातं. आधी विहिरी आटल्या, मग विहिरीत आडवे-उभे बोअर मारले, मग शेकडो फुटांचे बोअर झाले. ज्याला खोल जायला पैसे त्याची केळी, ज्याला नाहीत त्याची तूर. फडात तूट सगळ्यांत वाटली जायची, इथे ती ज्याच्या बोअरला पाणी नाही त्याच्या एकट्याच्या गळ्यात पडते. ठिबकने प्रत्येक खोडाचं पाणी वाचलं हे खरं, वाचलेल्या पाण्यावर खोडं वाढली हेही खरं. तुमच्या शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले खोल-रुंद करून पाणी मुरवण्याचं काम झालं, ज्याला शिरपूर पॅटर्न म्हणतात. गावाजवळ असा नाला असेल तर तो नकाशात आधी दाखव आणि दोन्ही काठांच्या विहिरींची पाणीपातळी विचारून लिही. प्रकल्पातलं ते सगळ्यात मोलाचं पान होईल.

पुस्तकातल्या एका शब्दाने मात्र घोळ होतो. "मळ्याची शेती" म्हणजे चहा, रबर अशी मोठ्या मालकीची, मजुरांच्या वसाहतींची, निर्यातीसाठीची शेती. आपण मळा म्हणतो तो विहिरीखालचं बागायत रान. आपल्या मळ्याला पुस्तकातली मळ्याची शेती लिहू नकोस.

सातपुड्यात प्रकार पुन्हा बदलतो. धडगाव, अक्कलकुव्याकडे भिल्ल आणि पावरा शेतकरी उतारावरच्या एकाच रानात मका, ज्वारी, तूर, भगर मिसळून पेरतात. एक बुडालं तर दुसरं हाती लागतं. वस्तीचा आकारही निराळा: सपाटीवर गाव दाटीवाटीचं, घराला घर लागून, डोंगरात पाडे विखुरलेले, प्रत्येकाचं घर आपल्या रानात. आणि साक्री-शिंदखेड्याचे ठेलारी मेंढपाळ विसरू नकोस. पावसाळा सरला की ते कळप घेऊन निघतात, शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतो आणि लेंडीखताबद्दल धान्य किंवा पैसे देतो. पुस्तकात फिरती पशुपालकता वाळवंटात दाखवतात. आपल्या रब्बीच्या रानात ती दरवर्षी मुक्कामाला येते.

जमीन कोणाची, हेही भूवापरातच येतं. शहाद्याच्या सपाटीवरच्या कित्येक आदिवासींच्या जमिनी कर्जात आणि कागदांत हातच्या गेल्या. सत्तरच्या दशकात तिथल्या भूमिहीनांनी मोठी चळवळ केली. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा महाराष्ट्रात १९७४ चा आहे. नकाशावर हिरव्यागार दिसणाऱ्या रानात राबणारा आणि सातबाऱ्यावर नाव असणारा वेगवेगळा असेल तर तशी नोंद कर. नावं लिहायची गरज नाही.

आता नकाशाचं काम. तुमच्या सरांनी फॉन थ्यूनेनची वर्तुळं शिकवली असतील. हा जर्मन जमीनदार, त्याचं पुस्तक १८२६ चं. शहराजवळ दूध-भाजीपाला, मग जळाऊ लाकडाचं रान, मग धान्य, सर्वांत लांब चराई. जळगावला हे अजून थोडं दिसतं: शहराला लागून असलेलं असोदा भरिताच्या वांग्यांसाठी प्रसिद्ध आहे. पण रावेरची केळी हिरवी कापली जाते, म्हणून ती हजार किलोमीटरवरच्या दिल्लीला पोचते आणि ती वर्तुळं मोडते. गावाच्या पातळीवर मात्र थ्यूनेन चांगला लागू पडतो, फक्त शहराच्या जागी गोठा धर. शेणखताची गाडी जवळच्या रानातच जास्त खेपा करते, म्हणून गावखरीचं रान कसदार, तिथे जनावरांचा घास, भाजी, मिरची. लांबच्या रानात कापूस.

तलाठ्याकडून गावाचा नकाशा घे. सातबाऱ्यावरच्या पीकनोंदीवर विसंबू नकोस, पायाने फीर. पांढरीपासून, म्हणजे गावठाणापासून, निघ, गाडरस्त्याने शिवेपर्यंत जा, दुसऱ्या रस्त्याने परत ये. रंग आधी मातीचे भर: भारी काळी, मध्यम, बरड (हलकी). त्यावर पिकांच्या खुणा कर. विहिरी आणि बोअर ठिपक्याने दाखव, शेजारी खोली लिही. गायरान किती होतं आणि आज किती उरलं, ते म्हाताऱ्यांना विचार. प्रत्येक गटावर तीन गोष्टी टीप: पाणी कुठून, माल कुठे, आणि पीक कोणी ठरवलं.

सुरुवात तुमच्याच पाच एकरांपासून कर. आजी असेल तर तिला बांधावर घेऊन जा आणि विचार, कापूस आहे तिथे ती सासरी आली तेव्हा काय होतं. कापणीला तीच जायची, तिला गट नंबरापेक्षा पक्कं आठवेल.